नाण्याआधी जागा: अक्कलकोटच्या मातीत मेटल डिटेक्टर नेण्यापूर्वी

१/१८
मार्च २०२५. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या परिसरात, गावकरी रात्रीच्या अंधारात विजेऱ्या लावून शेते उकरत होते. काहींच्या हाती मेटल डिटेक्टर होते. ‘छावा’ हा चित्रपट फेब्रुवारीत प्रदर्शित झाला होता आणि मोगलांचे सोने याच मातीत पुरलेले आहे, अशी अफवा पसरली होती. जानेवारी १६८१च्या अखेरीस मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटले, हा इतिहास खरा आहे. त्या शेतात सोने पुरले आहे, याला मात्र कोणताही आधार नव्हता. पोलीस येईपर्यंत शेतांत खड्डेच खड्डे झाले होते. #इतिहास #नाणकशास्त्र #अक्कलकोट

२/१८
महाराष्ट्राला ‘गुप्तधन’ हा शब्द नवा नाही. पूर्वी त्यासाठी मांत्रिक येई; आता यंत्र घरपोच येते. त्यामुळे इतिहासप्रेमी तरुणांच्या गटांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो: जुनी नाणी आणि दागिने शोधायला कोणता डिटेक्टर घ्यावा? प्रश्न गैर नाही आणि त्याचे तांत्रिक उत्तरही आहे. ते येथे दिलेले आहे. परंतु या धाग्याचे म्हणणे असे की, यंत्राची निवड ही शेवटची पायरी आहे. त्याआधी जमीन निवडावी लागते, परवानगी निवडावी लागते आणि सापडलेल्या वस्तूचे काय करायचे हेही आधीच ठरवावे लागते. हा क्रम उलटला, तर इतिहासावरच्या प्रेमापोटीच इतिहासाचा पुरावा नष्ट होतो.

३/१८
उदाहरणासाठी अक्कलकोटचीच माती घ्यावी. एका बाजूला बहमनींची पहिली राजधानी गुलबर्गा, दुसरीकडे आदिलशाहीचे विजापूर, उत्तरेस नळदुर्ग, पश्चिमेस सोलापूरचा किल्ला. त्याआधी कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव. अठराव्या शतकात शाहू महाराजांनी पुत्रवत वाढवलेल्या फत्तेसिंह भोसले यांच्या घराण्याचे संस्थान येथे उभे राहिले आणि १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. शेजारी निजामाचा मुलूख होता. अशा सीमेवरच्या प्रदेशात बहमनी तांब्याचे नाणे, मोगल रुपया, शिवराई, निजामाचा हाली सिक्का आणि कंपनी सरकारचा पाव आणा ही सारी नाणी एकाच बाजारात फिरू शकत. म्हणून येथील मातीतील प्रत्येक नाणे म्हणजे त्या बाजाराचा एक साक्षीदार ठरतो.

४/१८
आता यंत्राकडे. डिटेक्टरच्या तळाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. तेथे धातू असेल, तर त्यात लहान प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण वापरले होते. ते अपयशी ठरले. अध्यक्षांच्या बिछान्यातील पोलादी तारांनीही त्यात गोंधळ घातला, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी भूसुरुंग शोधण्याचे हातातले यंत्र घडवले. आजचे छंदाचे डिटेक्टर त्याच कुळातले.

५/१८
बेल यांना बिछान्याने चकवले, तर अक्कलकोटकराला मातीच चकवते. सोलापूर जिल्ह्याची काळी जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झाली आहे आणि तिच्यात लोहयुक्त, चुंबकीय गुणाचे कण असतात. यंत्राला ही मातीच धातूसारखी भासते आणि ते विनाकारण वाजत राहते. म्हणून दख्खनच्या पठारासाठी यंत्र पाहताना पहिला निकष असावा तो जमिनीशी जुळवून घेण्याच्या सोयीचा, म्हणजे ‘ग्राउंड बॅलन्स’चा. कारखान्यातच कायम करून दिलेली जुळणी येथे तोकडी पडते. ती हाताने किंवा आपोआप बदलता यायला हवी. परदेशी चित्रफितींत मऊ हिरवळीवर दिसणारी खोली येथे मिळेल, अशी अपेक्षा धरू नये.

६/१८
दुसरा निकष कंपनसंख्येचा. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपासची यंत्रे चांदीच्या रुपयासारख्या मोठ्या आणि सुवाहक वस्तूंना चांगला प्रतिसाद देतात. १५ ते २० किलोहर्ट्झ आणि त्यापुढची यंत्रे लहान, पातळ वस्तू आणि सोने अधिक नेमके टिपतात. शिवकालीन होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमच्या घरातला. चमकी किंवा नथीचा तुकडा त्याहून बारीक. अनेक कंपनसंख्या एकाच वेळी वापरणारी यंत्रे काळ्या मातीत अधिक स्थिर राहतात, मात्र ती महाग असतात. तिसरा निकष वेटोळ्याच्या रचनेचा. ‘डबल-डी’ प्रकारचे वेटोळे खनिजयुक्त जमिनीत साध्या समकेंद्री वेटोळ्यापेक्षा शांत चालते.

७/१८
चौथा मुद्दा भेद करण्याच्या क्षमतेचा, आणि येथेच बहुतेकांची निराशा होते. यंत्र धातू ओळखत नाही; ते विद्युतवाहकता आणि आकार यांचा अंदाज बांधते. त्यामुळे सोन्याची पातळ अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला पत्रा यांचा आवाज जवळजवळ सारखा येऊ शकतो. आपल्या शेतात आणि गावठाणात काय पडलेले असते? खिळे, बैलांच्या खुरांचे नाल, नांगराच्या फाळाचे तुकडे, सोड्याच्या बाटल्यांची बुचे, तारांचे तुकडे. हा कचरा गाळण्यासाठी भेदक्षमता वाढवली की त्याबरोबर बारीक सोनेही गाळले जाते. कोणत्याही किमतीचे यंत्र या अडचणीतून पूर्ण सुटलेले नाही.

८/१८
‘पल्स इंडक्शन’ प्रकारची यंत्रे खनिजयुक्त मातीला कमी बिचकतात आणि खोल जातात, पण लोखंड वेगळे काढण्यात कच्ची असतात. वस्तीच्या जागी त्यांचा अर्थ एकच: प्रत्येक खिळ्यासाठी एक खड्डा. याहून वाईट म्हणजे ‘शंभर मीटरवरून सोने दाखवणारे’ म्हणून विकले जाणारे लांब पल्ल्याचे सोनेशोधक. हातात धरलेली फिरती सळई यापलीकडे त्यांत बहुधा काही नसते. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या अशाच एका खेळण्यावरून बनावट बॉम्बशोधक बनवून ते इराकसह अनेक देशांना विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली. सळई फिरते ती मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने; धातूशी तिचा संबंध नसतो.

९/१८
आता खोलीचा हिशेब. चांगल्या स्थितीत नाण्याएवढी सुटी वस्तू साधारण १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत कळते. शेतातला नांगरही साधारण तेवढ्याच थरात फिरतो. येथे डिटेक्टरच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद उभा राहतो: नांगराने तो थर आधीच विस्कटलेला आहे, खते आणि अवजारे नाण्याला झिजवतच आहेत, मग ते उचलले तर काय बिघडले? हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. नांगर नाण्याला थोडेफार इकडेतिकडे सरकवतो. एका गावातून दुसऱ्या गावात नेत नाही. नाण्याचे शेत, शेताचा कोपरा आणि शेजारी पडलेले खापर ही साक्ष नांगरटीनंतरही उरते. ती पुसतो तो नोंद न करता नाणे खिशात टाकणारा हात.

१०/१८
ही साक्ष किती मोलाची असते, हे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी गावाने दाखवून दिले. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात १३ हजारांहून अधिक नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडल्याचा इतका ठाम पुरावा दुसरा क्वचितच असेल. यातले एखादे नाणे सुटे मिळाले असते, तर ते फक्त कुतूहलाचा विषय झाले असते. साठा एकत्र मोजला गेला, म्हणून दोन राजांच्या मुद्रांचे प्रमाण कळले आणि त्या प्रमाणातून एका सत्तांतराचा वेग दिसला. हा साठा दहा जणांनी वाटून घेतला असता, तर चांदी तेवढीच राहिली असती. हे ज्ञान राहिले नसते.

११/१८
याची दुसरी बाजू अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला दिसते. १९७४ साली एका गावकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार भव्य कांस्यशिल्पे मिळाली: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, एकूण वजन ६० किलोहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातील हा अपूर्व ठेवा. परंतु ती शास्त्रीय उत्खननाच्या थरांतून आली नव्हती, त्यामुळे ती नेमकी कोणत्या काळाची, यावर विद्वानांत वाद झाला. काहींनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. धातूच्या घटकांकडे बोट दाखवून काहींनी ती बरीच अलीकडची असावी, असे म्हटले. नंतर तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, तरी मूळ जागेतला तो पहिला क्षण परत मिळवता आला नाही. त्या गावकऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. तो इतिहासाच्या शोधात निघालाच नव्हता. जो मुद्दाम यंत्र घेऊन निघतो, त्याची जबाबदारी मात्र वेगळी असते.

१२/१८
ती जबाबदारी कशी पेलावी, याचे उदाहरण इंग्लंडमधील हॉक्सन येथे आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये शेतात हरवलेला हातोडा शोधायला एक गृहस्थ डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांच्या यंत्राखाली रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातील सोन्याचांदीचा साठा आला. काही वस्तू वर आल्यावर त्यांनी खणणे थांबवले आणि खबर दिली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा थराथराने उचलला. म्हणूनच सुमारे १५ हजार नाण्यांखेरीज, ती कोणत्या पेटीत आणि कशी रचून ठेवली होती हेही समजले. साठ्याच्या किमतीचा मोबदला शोधणाऱ्याला मिळाला आणि तो त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतला. हातोडाही मिळाला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

१३/१८
हॉक्सनमागे एका माणसाचा संयम होता. १९९६चा नवा खजिना कायदा आणि १९९७ साली सुरू झालेली लहान पुरावस्तूंची नोंदयोजना यांनी त्या संयमाला व्यवस्थेचे बळ दिले. तेथे शेतात सापडलेले साधे तांब्याचे नाणेही तज्ज्ञाला दाखवता येते; तो त्याचे छायाचित्र आणि ठिकाण नोंदवतो आणि बहुतेक वेळा नाणे परतही देतो. ही पद्धत निर्दोष नाही. रात्री चोरून खणणारे तेथेही आहेत. तरीही तिच्यामागचा विचार घेण्याजोगा आहे: वस्तू कोणाकडे राहिली यापेक्षा तिची माहिती सर्वांकडे पोहोचली का, हे अधिक महत्त्वाचे. भारतात या प्रश्नाचे उत्तर फार जुन्या कायद्याच्या हाती आहे.

१४/१८
तो कायदा म्हणजे १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम, अर्थात ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. ज्या वर्षी अक्कलकोटात स्वामी समर्थांनी देह ठेवला, त्याच वर्षीचा. त्यानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली, तर तिचे स्वरूप, जागा आणि तारीख लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. नंतर जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना ४ ते ६ महिन्यांनंतरची तारीख दिली जाते. साठा बेवारस ठरला आणि दुसरा काही करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि उरलेला जमिनीच्या मालकाला मिळतो. खबर न दिल्यास हा वाटा सरकारजमा होतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

१५/१८
कायद्याची चौकट वाटते तितकी अन्यायी नाही. तिच्यातले आकडे कालबाह्य झाले आहेत. १८७८ साली १० रुपये म्हणजे जवळजवळ ११६ ग्रॅम वजनाचे चांदीचे दहा रुपये. आज त्या रकमेत जेमतेम एक चहा येतो. म्हणजे मातीतून वर आलेले जवळपास प्रत्येक जुने नाणे कागदोपत्री जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी जायला हवे. ते जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरे असे की, साठा सरकारने ठेवून घेतल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश एवढी अधिक रक्कम द्यायची तरतूद आहे. दुर्मीळ तांब्याच्या नाण्याला या हिशेबाने किती मिळणार? संग्राहकांच्या बाजारातला भाव कित्येक पट असतो. प्रामाणिकपणाला तोटा आणि लपवाछपवीला नफा, अशी ही रचना झाली आहे. लपवलेले सोने शेवटी सोनाराच्या मुशीत जाते.

१६/१८
बाकीचे कायदेही ध्यानात असावेत. संरक्षित स्मारके आणि स्थळे यांच्या हद्दीत परवान्याविना उत्खनन करता येत नाही. केंद्राचा १९५८चा आणि महाराष्ट्राचा १९६०चा कायदा त्यासाठी आहे. किल्ला, मंदिर, जुनी गढी, पांढरीचे टेकाड येथे यंत्र नेणे म्हणजे पुराव्यावर घाला घालणे. १९७२च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात ६ महिने ते ७ वर्षे शिक्षेची तरतूद आहे.

१७/१८
मग डिटेक्टर घ्यावा की घेऊ नये? तुरीच्या शेतात पडलेले जोडवे, खळ्यावर हरवलेली अंगठी, अंगणातल्या मातीत गेलेले लेकराचे वाळे यांच्यासाठी तो उत्तम साधन आहे. अशा कामाला मध्यम किमतीचे, ग्राउंड बॅलन्स बदलता येणारे, डबल-डी वेटोळ्याचे यंत्र पुरेसे ठरते. जमीनमालकाची लेखी संमती आधी घ्यावी. जुने नाणे वर आले, तर ते घासू नये, लिंबू-चिंच लावू नये. जागेचे छायाचित्र, गट क्रमांक, खोली आणि शेजारची खापरे नोंदवून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. एकाहून अधिक नाणी दिसली, की खणणे तेथेच थांबवावे. सरकारनेही आपला वाटा उचलावा: १० रुपयांची मर्यादा बदलावी, बक्षीस बाजारभावाशी जोडावे आणि तालुका पातळीवर नोंदीची सोपी सोय करावी. अक्कलकोटच्या शेतकऱ्याला एका शिवराईसाठी सोलापूरच्या खेपा घालाव्या लागणार असतील, तर तो ती देवघरात ठेवून मोकळा होईल.

१८/१८
ज्याला खरोखर इतिहासच शोधायचा आहे, त्याच्यासाठी याच परिसरात दोन वाटा मळलेल्या आहेत. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या प्राचीन वस्तू वर्षानुवर्षे जपल्या. त्यातून त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. सोलापूरचे आनंद कुंभार गावोगाव पायपीट करत शिलालेख वाचत राहिले. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा शिलालेख त्यांच्यामुळे अभ्यासकांपुढे आला. तो मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. तो दगड मातीत दडलेला खजिना नव्हता. तो मंदिरात सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि वाचणाऱ्याची वाट पाहत होता. अक्कलकोट तालुक्यात आजही वेशीवर, पारावर, विहिरींच्या कडेला असे न वाचलेले पुष्कळ काही असू शकते. त्यासाठी खड्डा लागत नाही. वही, पेन्सिल आणि मराठी-कन्नड लिप्यांचा अभ्यास लागतो.